सोलापूरच्या मुलीला स्की रेसर व्हायचंय, पुढे कोच व्हायचंय: एका वडिलांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

सोलापुरातल्या एका वडिलांनी विचारलं आहे: "मुलगी नववीत आहे. लहानपणापासून रोलर स्केटिंग करते. गेल्या हिवाळ्यात मनालीला स्कीइंगचा बेसिक कोर्स करून आली, तेव्हापासून अल्पाइन स्की रेसर व्हायचं आणि पुढे कोच व्हायचं म्हणते. आपल्याकडे ना बर्फ, ना डोंगर. यात खरंच करिअर आहे का? रेसिंग किती वर्षं चालतं? आणि रेसरचा कोच होतो कसा?"

दादा, मी मोहोळ तालुक्यातला. फौजेत गेलो, गुलमर्गला पायात पहिल्यांदा स्की आली, सेनादलाच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धांत उतरलो. नंतर इन्स्ट्रक्टर झालो आणि त्यातून कोच. आता सोलापुरात असतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात पोरांकडून बर्फाविना होणारा सराव करून घेतो आणि हिवाळा आला की त्यांना घेऊन वर जातो.

करिअर आहे. पण त्यातली रेसरची वर्षं थोडी असतात आणि कोचची खूप. म्हणून लेकीला आजपासून दोन्ही शिकू द्या. "आधी रेस करू, जमेनासं झालं की कोच होऊ" असं म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यातले बहुतेक नुसते माजी रेसर राहिले. उतारावरून वेगात उतरणं ही एक विद्या, दुसऱ्याला उतरवणं ही दुसरी. दुसरी विद्या आपोआप येत नाही.

आधी रेसचं गणित, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अल्पाइन म्हणजे डोंगरउतारावर गेटांमधून, म्हणजे रोवलेल्या काठ्यांच्या जोड्यांमधून, उतरण्याची शर्यत. तिचे मुख्य चार प्रकार. स्लालमची गेटं जवळजवळ, वळणं आखूड. जायंट स्लालमची गेटं लांब, वळणं मोठी. सुपर-जी आणि डाउनहिल हे वेगाचे प्रकार, त्यांना लांब, रुंद, नीट बांधलेला आणि जाळ्या लावलेला उतार लागतो. भारतातल्या मुलांनी पहिल्या दोनांतच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. वेगाच्या प्रकारांसाठी लागणारा उतार आणि सुरक्षेची तयारी नसताना तिथे मूल सोडणं हा गुन्हाच आहे.

या दोन्ही प्रकारांत दोन रन होतात आणि वेळांची बेरीज धरतात. एक गेट चुकलं की रन बाद. आंतरराष्ट्रीय स्की संघटना, म्हणजे फिस, १९२४ साली फ्रान्समधल्या शामोनीत स्थापन झाली. तिच्या गुणपद्धतीत जितके कमी गुण तितका रेसर मोठा. विजेत्याच्या वेळेच्या मानाने तुम्ही किती मागे आहात ते काढायचं आणि त्याला ठरलेल्या आकड्याने गुणायचं. स्लालमसाठी तो आकडा ७३०, जायंट स्लालमसाठी १०१०. समजा स्लालममध्ये विजेत्याची दोन रनची बेरीज १०० सेकंद आणि तुमच्या मुलीची ११०. ती दहा टक्के मागे, म्हणजे ७३ गुण. त्यावर त्या शर्यतीचा दंड चढतो. उतरलेले स्कीअर किती दर्जाचे होते यावर तो ठरतो: तगडे लोक असतील तर कमी, नवखे असतील तर जास्त. दंड ६० धरला तर तिचे झाले १३३. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकला या दोन प्रकारांसाठी किमान पात्रता होती ती पाच निकालांची सरासरी १६० च्या आत. निकष दर ऑलिंपिकला बदलतात, पण अंदाज यावरून यावा. विजेत्याच्या दहा टक्क्यांत येणं कागदावर सोपं दिसतं. राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळवणारी आपली कितीतरी मुलं परदेशात पहिल्यांदा उतरतात तेव्हा त्याच्या बाहेर असतात, तेही दोन्ही रन पूर्ण झाले तर.

तरी आपली माणसं तिथवर पोचली आहेत. जेरेमी बुजाकोव्हस्की १९६४ ला इन्सब्रुकमध्ये भारतातर्फे उतरले, १९६८ ला ग्रेनोबलला पुन्हा. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमार स्लालमला उतरली, हिवाळी ऑलिंपिकमधली आपली पहिली महिला. तिने शर्यत पूर्ण केली आणि अठ्ठाविसावी आली. हे मी मुलींना मुद्दाम सांगतो, कारण स्लालममध्ये नावाजलेले लोकही अर्ध्यात बाहेर पडतात. मनालीजवळची आंचल ठाकूर २०१८ मध्ये तुर्कस्तानच्या एर्झुरुमला स्लालममध्ये कांस्य घेऊन आली. आंतरराष्ट्रीय स्कीइंग स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक म्हणून ते गाजलं. काश्मीरचा आरिफ खान २०२२ ला बीजिंगला गेला, जायंट स्लालममध्ये पंचेचाळिसावा आला, स्लालममध्ये गेट चुकल्याने बाद झाला. एकाच हिवाळी ऑलिंपिकच्या दोन प्रकारांत थेट पात्र ठरणारा तो पहिला भारतीय.

आता तुमचं "ना बर्फ, ना डोंगर". आरिफने स्लालमची पात्रता मिळवली ती दुबईत, मॉलमधल्या बंदिस्त उतारावर. बाहेर वाळवंट, आत ८५ मीटर उंचीचा यंत्राने केलेल्या बर्फाचा उतार. ब्रिटनचा डेव्ह रायडिंग तर लँकेशायरमध्ये प्लास्टिकच्या उतारावर स्की शिकला. खऱ्या बर्फावरची रेस त्याच्या वाट्याला आल्प्सच्या पोरांच्या मानाने फार उशिरा आली. जानेवारी २०२२ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्याने ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलची स्लालम जिंकली. अल्पाइन विश्वचषकात ब्रिटनचा तो पहिला विजय. ही उदाहरणं मी फुंकर घालायला देत नाही. रायडिंगकडे बर्फ नव्हता, पण घराजवळ उतार होता आणि त्यावर गेटं होती, वर्षभर. शिकण्यासारखं ते आहे: जे मिळेल त्यावर फेऱ्या किती होतात.

आपल्याकडे फेऱ्या कमी पडतात, हे खरं दुखणं. गुलमर्ग, सोलंग, औली इथला हंगाम धरून चालला तर डिसेंबरअखेर ते मार्च. तोही आता भरवशाचा राहिला नाही. २०२५ ला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला. आल्प्समधली तिच्या वयाची मुलगी शरद ऋतूत हिमनदीवर सुरू करते आणि एप्रिलपर्यंत बर्फावर असते. त्यात आपला हंगाम येतो नेमका परीक्षांवर. दहावी-बारावीचे बोर्डाचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये, राष्ट्रीय स्पर्धाही त्याच सुमाराला. मुलगी आता नववीत, म्हणजे पुढचा हिवाळा दहावीचा. माझा सल्ला ठाम आहे: पुढच्या हंगामात स्पर्धेचं नाव काढू नका. नाताळच्या सुट्टीत एक शिबिर करू द्या, पाय बर्फ विसरणार नाहीत तेवढं पुरे, आणि जानेवारीत घरी आणून अभ्यासाला बसवा. एक हंगाम गेल्याने रेसर मरत नाही. दहावी अर्धवट राहिलेला कोच मात्र पुढे अडतो. परदेशी परीक्षा, इंग्रजीतले मॅन्युअल, शरीरशास्त्र, हे सगळं त्याला वाचावंच लागतं. अकरावी-बारावीचं वेळापत्रक वेगळं करता येईल का, मुक्त विद्यालयातून परीक्षा द्यावी का, हे दहावीनंतर बसून ठरवा.

मग एप्रिल ते डिसेंबर सोलापुरात काय करायचं? माझ्या मते रेसर इथेच घडते आणि बर्फावर फक्त तपासली जाते. वळणात बाहेरच्या पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो आणि तो भार पाय वाकत असताना, लांबत जाणाऱ्या स्नायूंवर झेलायचा असतो. म्हणून नुसतं पळून भागत नाही. पार्क मैदानाच्या पायऱ्या चढताना दम लागतो, पण स्कीसाठी खरा फायदा त्या सावकाश उतरण्यात आहे. एका पायावर हळू बसणं, उंचावरून उडी मारून आवाज न करता थांबणं, बाकावरून डावी-उजवी उड्या. स्लालमचा एक रन पाऊण ते एक मिनिट चालतो, म्हणून उड्यांचा संचही तेवढ्याच वेळाचा हवा आणि शेवटच्या दहा सेकंदांत गुडघे आत पडता कामा नयेत. तिथेच मी थांबवतो. गुडघा आत पडलेली उडी मोजायची नाही. तालमीतल्या बैठका उत्तम, मल्लखांब त्याहून उत्तम. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळिसाच्या वर जातो तेव्हा सकाळी सहाला सुरू करून आठच्या आत आटपा.

तिचं स्केटिंग वाया गेलेलं नाही. रांगेत चाकं असलेले इनलाइन स्केट घ्या. जमिनीवर ठरावीक अंतरावर कोन ठेवून स्लालमची लय बसवता येते. फक्त एक लक्षात ठेवा. चाकांवर थांबायची पद्धत वेगळी आहे, तिथे भार मागे टाकायची खोड लागते आणि स्कीवर मागे बसलेला माणूस संपला. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी, हे तिला स्केटवर असतानाही सांगत राहा.

तोल कसा येतो हे तिला दाखवायचं असेल तर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आधी नंदीध्वजाचा सराव दाखवायला न्या. उंच काठी कमरेशी पेलून चालणारा माणूस पायाकडे बघत नाही. नजर वर असते, कंबर खाली स्थिर असते आणि पाय आपली जागा शोधतात. रेसरची नजर अशीच दोन गेटं पुढे असावी लागते. पुढे जानेवारीत ती बर्फावर असेल आणि यात्रा चुकेल, हेही आत्ताच घरात बोलून ठेवा. सोलापूरच्या पोरांना ते जड जातं.

आता मूळ प्रश्न. रेसरचा कोच कसा होतो?

चांगला रेसर शरीराने विचार करतो. वळण लागलं की नाही हे त्याला तळपायात कळतं आणि तो विचार न करता दुरुस्ती करतो. कोच झाल्यावर हीच गोष्ट आड येते. पोरगी उतरते, वळण फसतं आणि तो म्हणतो, "बाहेरच्या पायावर भार दे!" अहो, तिला ते माहीत आहे. पहिल्या दिवसापासून तिने तेच ऐकलंय. भार जात का नाही, ते सांगणारा कोच.

एक उदाहरण सविस्तर घेतो. जायंट स्लालमच्या सरावात एक मुलगी डावीकडच्या प्रत्येक वळणात आत झुकते, बाहेरची म्हणजे उजवी स्की सुटते आणि ती गेटच्या बरीच खाली घसरत जाते. उजवीकडची वळणं मात्र ठीक. माझा पाहण्याचा क्रम असा. पहिल्यांदा तिची उजवी स्की काढून आतल्या बाजूची धार नखावर ओढून बघायची. दगडावर घासून धार बोथट झाली असेल तर जगातली कुठलीही सूचना ती स्की बर्फात रोवू शकत नाही. धार ठीक असेल तर बूट. उजव्या पायाची टाच आत उचलली जाते का? नडगी आणि बुटाच्या मानेचा कोन जुळतो का? तेही ठीक असेल तर खाली नाही, वर बघायचं. फसलेलं वळण दिसतं ते पाचव्या गेटला, पण ती चौथ्यातूनच उशिरा निघालेली असते. ती गेटकडे बघत गेटपर्यंत सरळ येते आणि तिथे पोचल्यावर वळायला लागते. मग सगळा भार गेटच्या खाली येतो, स्की आडवी होते आणि पुढच्या गेटला आणखी उशीर. वळणाचा मोठा भाग गेटच्या वरच उरकायला हवा. हे सगळं तपासून झालं आणि काही सापडलं नाही, तर शेवटची शक्यता भीतीची. त्या बाजूला उतार डाव्या अंगाला कलता असेल, खाली झाडं दिसत असतील, आदल्या आठवड्यात तिथेच पडली असेल. भ्यालेलं मूल डोंगराकडे झुकतं. त्याला तंत्र सांगून उपयोग नाही, त्याला सोपा उतार द्यावा लागतो.

उपायही सांगण्यातून क्वचितच येतो. उशिरा वळणाऱ्या मुलीला मी "लवकर वळ" म्हणत नाही. गेटच्या वर, बाजूला खुणेसाठी एक बुटका ब्रश रोवतो आणि म्हणतो, त्याच्या बाहेरून जा. तिला वर जावंच लागतं, वळण आपसूक आधी सुरू होतं. आत झुकणारीला काठ्या काढून घेऊन दोन्ही हात बाहेरच्या गुडघ्यावर ठेवायला लावतो, किंवा आतली स्की वळणभर उचलून धरायला सांगतो. ती उचलता आली, की भार कुठे आहे हे तिचं तिलाच कळतं. एका वेळी एकच गोष्ट. वरून उतरणाऱ्या मुलाच्या डोक्यात दोन सूचना असल्या तर दोन्ही वाया जातात.

कोर्स लावणं, म्हणजे उतारावर गेटं मांडणं, ही कोचची खरी भाषा. कोच जे शिकवू पाहतो ते त्याच्या गेटांच्या मांडणीत दिसतं. नियम चौकट देतात: स्लालममध्ये लागोपाठच्या वळणाच्या काठ्यांत साधारण ६ ते १३ मीटर, गेटची रुंदी ४ ते ६ मीटर, आणि उभ्या उतरणीच्या ३० ते ३५ टक्के इतकी दिशाबदलांची संख्या. म्हणजे दीडशे मीटर उतरण असेल तर पंचेचाळीस ते बावन्नच्या आसपास वळणं. पण बारा वर्षांच्या पोरांना चढ्या उतारावर अंतर कुठे वाढवायचं, लय कुठे मोडायची, सपाटीला येण्याआधी वेग कसा राखू द्यायचा, हे पुस्तकात नाही. चुकीच्या जागी लावलेलं एक गेट सकाळभर वीस पोरांना चुकीची सवय लावतं. म्हणून रेसर असतानाच शिकायला लावा. कोच बर्फात भोकं पाडायचं ड्रिल घेऊन गेटं रोवायला निघाला की तुमची लेक काठ्यांचा भारा खांद्यावर घेऊन त्याच्या मागे असली पाहिजे, आणि विचारत असली पाहिजे की हे इथे का.

तसंच हत्यारांचं. संध्याकाळी स्कीला कानस मारणं, मेण वितळवून इस्त्रीने फिरवणं, थंड झाल्यावर खरवडणं, ब्रश मारणं, हे आईबापाने किंवा हॉटेलच्या पोराने करायचं काम नाही. बाजूची धार साधारण ८७ अंशांवर, तळाकडून अर्धा ते एक अंश. आपल्या उतारांवर सकाळी कडक आणि अकरानंतर मऊ होणारा बर्फ असतो, त्यामुळे एकाच दिवसात स्की दोन वेगळ्या वागतात. हे ज्याने हाताने केलंय त्यालाच कळतं. फ्लोरीनचं मेण आता फिसच्या शर्यतींत बंद आहे. कुणी जुना डबा "फार पळतं" म्हणून दिला तर घेऊ नका.

लेकीला एक वही करायला सांगा. रोजचा उतार, बर्फ, किती फेऱ्या, काय सूचना मिळाली, काय जमलं. आणि दुसऱ्या मुलांचे रन पाहून एक ओळ: काय चुकलं, कशामुळे. मोबाइलवर व्हिडिओ हळू गतीने बघताना कारण आणि परिणाम वेगळे करायची सवय लागली तर अठराव्या वर्षी तिच्याकडे जे असेल ते कित्येक पदकवाल्यांकडे नसतं.

मोठा रेसर असणं हे मोठा कोच होण्याची अट नाही. क्रोएशियाचा आंते कोस्टेलिच मूळचा हँडबॉलचा खेळाडू आणि कोच. त्याने आपल्या दोन मुलांना घडवलं. मुलगी यानित्सा २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन आली, मुलगा इवित्सा २०११ मध्ये विश्वचषकाचा एकूण विजेता ठरला. आल्प्सची परंपरा नसलेला देश, मोजका पैसा. दुसऱ्या बाजूला माथियास बेर्टहोल्ड स्वतः ऑस्ट्रियाचा रेसर होता आणि पुढे जर्मनी, ऑस्ट्रिया अशा संघांचा मुख्य कोच झाला. वाटा दोन्ही आहेत. आणि मुलगी आहे म्हणून कुणी नाक मुरडलं तर कॅरिन हार्जोचं नाव सांगा. २०१६ मध्ये ऑस्ट्रियात फ्लाखाउला विश्वचषकाच्या स्लालमचा कोर्स तिने लावला, असा मान मिळालेली ती पहिली महिला. आपल्याकडे मुलींच्या शिबिरांना महिला कोच हव्या असतात आणि मिळत नाहीत. तुमच्या लेकीला इथे खरी जागा आहे.

कागदपत्रांची वाट अशी. आपल्याकडे मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था, गुलमर्गची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था, पहलगामची जवाहर संस्था. बेसिकनंतर इंटरमीजिएट, मग अॅडव्हान्स, आणि चांगल्या श्रेणीत पास झालात तर शिकवण्याच्या पद्धतीचा कोर्स. एकेक कोर्स साधारण दोन आठवड्यांचा. तिने बेसिक केलंय, श्रेणी काय मिळाली ते प्रमाणपत्रावर बघा, पुढचा प्रवेश त्यावर असतो. एवढ्याने ती इन्स्ट्रक्टर होईल, पर्यटकांना आणि नवख्यांना शिकवू शकेल. रेसिंग कोचसाठी पुढे बाहेरचं शिक्षण घ्यावं लागतं. कॅनडा, ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रिया इथल्या संस्थांचे टप्प्याटप्प्याचे दाखले असतात. युरोपात सगळ्यात वरच्या दाखल्यासाठी युरोटेस्ट नावाची जायंट स्लालमची वेळेची परीक्षा द्यावी लागते. ठरवलेल्या मूळ वेळेच्या पुरुषांनी १८ टक्क्यांत आणि महिलांनी २४ टक्क्यांत यायचं. शिकवण्यात हुशार असलेले कित्येक इथे अडतात आणि रेसर पार होतो. रेसिंगची वर्षं पुढे पोटापाण्याला उपयोगी पडतात ती अशी.

पैशाचं झाकून ठेवत नाही. भारतात स्की कोचला बारमाही पगार देणाऱ्या जागा फार थोड्या. सेनादल, आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस), वर सांगितलेल्या संस्था, काही राज्यांचे क्रीडा विभाग. बाकी काम हंगामी: तीन महिने उतार आणि नऊ महिने दुसरं काहीतरी. म्हणून दुसरं काहीतरी याच खेळाला लागून असावं. फिजिओथेरपी, शारीरिक शिक्षणाची पदवी, खेळाडूंची ताकद वाढवणारं प्रशिक्षण. यातलं एखादं शिक्षण बारावीनंतर घेतलं तर उरलेले नऊ महिने ती सोलापुरातही कमावेल. अनुभवी झाले की काहीजण आपल्या पावसाळ्यात दक्षिण गोलार्धात जातात, न्यूझीलंडला जून ते ऑक्टोबर हंगाम असतो. तिथे काम मिळवायला दाखला आणि व्हिसा दोन्ही लागतात, त्यामुळे ती गोष्ट विशीनंतरची.

रेसर म्हणून खर्च कशावर होतो, तेही ऐका. प्रवास आणि मुक्काम सगळ्यात जड. इथून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, पुढे बस किंवा विमान. सामानात स्कीची लांबडी पिशवी असते, ती डब्यात कुठे ठेवायची याचा विचार तिकीट काढतानाच करा. खाण्याचं आपल्याला सोपं आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडे टिकते आणि वर थंडीत अंगाला लागते, माझी पोरं अजूनही तेच नेतात. त्यानंतर बूट, मग स्की. सुरुवातीची दोन वर्षं स्की भाड्याची किंवा जुनी चालेल. हेल्मेट मात्र नवंच घ्या, स्वस्तातलं कुणाचं वापरलेलं नको. जायंट स्लालमसाठी कानावर कडक कवच असलेलं आणि फिसचं आरएच २०१३ लेबल लागलेलं. पाठीचं कवच आणि स्लालमला नडगीचे गार्ड यांवर काटकसर करू नका.

रेसिंग किती वर्षं? साधारण सोळाव्या वर्षी फिसच्या शर्यतींना सुरुवात होते. जगात बरेच जण तिशीपर्यंत खेळतात. आपल्याकडे पैसा, नोकरी, लग्न आणि गुडघा यांतलं काहीतरी विशी-पंचविशीत थांबवतं. गुडघ्याचं विशेष. या खेळात पुढचा क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे गुडघा धरून ठेवणारा आतला अस्थिबंध, तुटणं सगळ्यात जास्त. बाहेरच्या स्कीचा भार क्षणभर सुटतो, पाय सरळ होत ती परत धार पकडते आणि गुडघा आत ओढला जातो, कित्येकदा पडण्याच्याही आधी. तसं झालं तर शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने शर्यत नाही, आणि महिने भरले म्हणून नाही, दोन्ही पायांची ताकद मोजून सारखी भरली म्हणूनच परतायचं. मुलींमध्ये गुडघा आत पडण्याची प्रवृत्ती जास्त दिसते, म्हणून मी मघाशी त्या उडीवर एवढा अडून बसलो.

ज्याच्याकडे तिला पाठवाल त्या कोचला एक गोष्ट विचारा: दिवसाला किती मुलं आणि किती वेळ गेटांत? पहिल्या दोन हंगामांत निम्म्याहून जास्त वेळ गेटांबाहेर, मोकळ्या उतारावर वळणं घोटण्यात गेला पाहिजे. पहिल्या आठवड्यातच गेटांत सोडून व्हिडिओ पाठवणारा कोच आईबापांना खूष करतो, मुलाला घडवत नाही.

आणि बूट घाईने घेऊ नका. बुटाचं माप पायाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवर असतं. आतला मऊ भाग काढून नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघायचं. तिच्या टप्प्याला एका बोटाएवढी पुरे, दोन बोटं शिरली तर मोठा. "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून घेतलेला बूट दोन्ही वर्षं वाया घालवतो. रविवारी सकाळी सहाला तिला पार्क मैदानावर घेऊन या. येताना स्केट आणा, आणि आदल्या संध्याकाळी दोन्ही पाय भिंतीला टाच टेकवून कागदावर मोजून आणा. संध्याकाळी पाय थोडा फुगलेला असतो, तेच माप धरायचं.